बँड दारापर्यंत

लग्नाच्या वेळी माझ्या बायोडेटावर 'वडील : संगीतक्षेत्राशी संबंधित' असं छापलं होतं. हे वाक्य माझ्या मामाचं. मामा तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचा, त्यामुळे खोटं न बोलता खरं कसं लपवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझे अप्पा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सांगलीकडच्या आमच्या गावात बँड त्यांचाच होता. एस.टी. स्टँडच्या मागे एक खोली, खिळ्यांना टांगलेले लाल कोट आणि कोपऱ्यात एकावर एक रचलेले ढोल, एवढा सगळा कारभार.

माझ्या पुण्याच्या सासूबाईंनी तो कागद वाचून एखाद्या गायनाचार्यांची कल्पना केली. सासूबाई स्वतः गाण्यातल्या. म्हणजे त्या गात नाहीत, ऐकतात. पण पुण्यात ऐकणाऱ्याचा मान गाणाऱ्यापेक्षा काकणभर जास्तच असतो. पहिल्या रांगेतली ठरलेली खुर्ची, पाठीला उशी, शाल, थर्मास, आणि मांडीवर ताल धरणारा उजवा हात. तो हात थांबला की गाणारा घाबरतो, असं त्याच सांगतात. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी अप्पांना मोठ्या अदबीनं विचारलं, "कोणत्या घराण्याची तालीम तुमची?"

अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, एक युफोनियम. ढोलवाले चार हायेत, पण ते सीझनपुरते."

त्यानंतर बराच वेळ फक्त पोहे चावल्याचा आवाज येत होता. तरीही लग्न झालं ते नवरा हटून बसला म्हणून, आणि त्या एका हट्टाच्या पुण्याईवर तो आजही ओला टॉवेल पलंगावर टाकतो. सासूबाईंनी फक्त एकच अट घातली. "बँडबिंड नको हं. आमच्याकडे सनई असते." सनई होती, पण ती स्पीकरमधून वाजत होती. अप्पांची माणसं साध्या शर्टात आली आणि शेवटच्या रांगेत एकमेकांना चिकटून बसली. वाजवायला काही नसल्यामुळे हातांचं काय करायचं हे त्यांना दिवसभर कळलं नाही. माझ्या आईनं रिवाजाप्रमाणे विहिणीचे पाय धुतले. परातीत सासूबाईंची गोरी पावलं आणि त्यावर वाकलेली माझी आई, हे चित्र मी चौदा वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे. राग धरून ठेवण्याच्या बाबतीत मी सासूबाईंच्या पुण्याच्याही वरताण आहे.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे या वर्षी एप्रिलमध्ये ही दोन माणसं एकाच विमानानं टोकियोतल्या, भारतीयांनी भरलेल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात येऊन दाखल झाली. आई गेल्याला वर्ष झालं होतं, अप्पा गावात एकटे होते, म्हणून मी त्यांना बोलावलं. सासूबाईंना नवऱ्यानं बोलावलं. आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता बोलावलं आणि व्हिसाचे कागद मात्र काटकसरीनं एकत्र भरले. आयटीतली माणसं असंच करतात.

आठवडाभर घरात परमशांती होती. दोघं एकमेकांशी इतक्या नम्रपणे वागत की मला धाप लागायची. "तुम्ही आधी आंघोळ करा." "छे छे, तुम्ही आधी." दोघांपैकी कुणीच अकरापर्यंत आंघोळ करायचं नाही. अप्पा सकाळी कचरा वेगळा करायचे, कारण ते काम त्यांना लगेच जमलं आणि आवडलं. सासूबाई खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बायकांचं वाळत घालणं बघायच्या आणि त्यावर मत द्यायच्या.

अप्पांनी बॅगेतून क्लॅरिनेट आणलं होतं आणि तो लाल कोटही. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं कोट उलगडून पाहिला, सोनेरी झालर पाहिली, आणि अप्पांना कडक सलाम ठोकला. तो त्यांना कुठल्या सैन्यातले समजला देव जाणे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये वाद्य वाजवायला बंदी. तशी पाटी लिफ्टमध्येच आहे, वर ट्रम्पेटचं चित्र आणि त्यावर फुली. म्हणून अप्पा रोज सकाळी नदीच्या बांधावर जाऊन वाजवायचे. तिथं एक निवृत्त जपानी गृहस्थ सॅक्सोफोन घेऊन येत. दोघं पन्नास पावलांचं अंतर ठेवून वाजवत, मध्येच थांबून एकमेकांना वाकून नमस्कार करत, आणि पुन्हा आपापल्या सुरात सुरू होत. अप्पांना जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. अप्पा म्हणायचे, "लई बोलका माणूस हाय."

आता माझ्या पियानोबद्दल. माझं ऑफिस कावासाकीला आहे. मी तिथं सॉफ्टवेअर मोडतं का ते बघते, आणि मोडलं की नम्रपणे कळवते. ऑफिसपासून दहा मिनिटांवर एक शहात्तर वर्षांच्या बाई राहतात, त्या पियानो शिकवतात. त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात, मीही. चाळिशीला टेकल्यावर मी त्यांच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी जाऊ लागले. बँडवाल्याची मुलगी असून मला कुणी कधी वाद्याला हात लावू दिला नव्हता. लोक काय म्हणतील, हे आमच्याकडचं कारण. कावासाकीत लोक काहीच म्हणत नाहीत, फार तर खिडकी लावून घेतात.

सेन्सेई तरुणपणी बुखारेस्टला शिकायला गेल्या होत्या. तिथून त्या एक वेड घेऊन आल्या, ते म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या रुमानियातल्या बड्या घरांचं संगीत. तिथल्या जमीनदार-सरदारांना बोयार म्हणत. हे बोयार बराच काळ तुर्की थाटात राहायचे, पायघोळ झगे, घागरीएवढ्या फरच्या टोप्या, दिवाणावर मांडी घालून बसणं. मग एकाएकी सगळ्यांना व्हिएन्ना आणि पॅरिसचं वारं लागलं. व्हिएन्नाहून बैलगाड्यांवर घालून पियानो येऊ लागले. वाटेत चिखलात रुतत, तारा तुटत, पोचेपर्यंत अर्धे स्वर वाटेतच राहत, पण दिवाणखान्यात पियानो पाहिजे म्हणजे पाहिजे. मुलींना शिकवायला जर्मन मास्तर ठेवत. मुलीला चार वॉल्ट्झ आले की स्थळं येत. आई झगा घालून दिवाणावर, मुलगी पॅरिसच्या फ्रॉकमध्ये पियानोवर, आणि पाहुणे मध्ये बसून मोठमोठ्यानं गप्पा मारताहेत, असा तो थाट. या मुलींच्या वह्यांच्या नकला सेन्सेईंनी आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतले सोपे तुकडे त्या आमच्यासारख्या निब्बर बोटांच्या बायकांना शिकवतात.

दरवर्षी मे महिन्यात सेन्सेईंच्या घरी विद्यार्थिनींचं वादन असतं. या वर्षी त्यांनी ठरवलं होतं की नुसतं वादन नको, अख्खा बोयारांचा दिवाणखाना उभा करायचा. त्यासाठी एका शुक्रवारी मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला आणि दोन्ही पाहुण्यांना घेऊन त्यांच्याकडे गेले.

सेन्सेईंचं घर जुनं आहे. दार उघडलं की खाली बूट काढायची फरशी, मग एक पायरी वर लाकडी जमीन, आणि लागूनच पियानोची खोली. आम्ही वर चढलो. सासूबाईंनी वळून पाहिलं तर सेन्सेई गुडघ्यांवर बसून सासूबाईंच्या चपला उचलून, तोंड दाराकडे करून, नीट जोडून ठेवत होत्या. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, त्यांनी माझ्या चपलांना हात लावला!"

"इथं पाहुण्याच्या चपला अशाच वळवून ठेवतात, आई. जाताना सोपं पडावं म्हणून."

"एवढी शिकलेली बाई, रुमानियाला जाऊन आलेली! आणि चपला?" त्या दिवशी चहा घेतानाही त्या अधूनमधून दाराकडेच बघत होत्या. मला मनातून फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

पण बोयारांची गोष्ट त्यांना भलतीच आवडली. सेन्सेई सांगत होत्या, मी मराठीत सांगत होते आणि सासूबाई मान डोलवत होत्या. "म्हणजे आपल्यासारखंच की गं! चार मोठ्या घरांनी धरून ठेवलं म्हणून संगीत टिकलं." सेन्सेईंनी त्यांना नीट न्याहाळलं. दिवाणावरची थोरली मालकीण त्यांना हवीच होती आणि समोर आयती बसली होती. पैठणी चालेल का, असं मी विचारलं. सेन्सेई म्हणाल्या, चालेल काय, धावेल, त्या जुन्या वळणाच्या बायकांच्या अंगावर असंच जरीचं काही असायचं. सासूबाईंनी लगेच मान किंचित तिरकी केली आणि मालकीण झाल्या. सरावाची गरजच पडली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं. पण माझी मुलगी बिस्किट खाता खाता जपानीत म्हणाली, "ओजीचान क्लॅरिनेट वाजवतो. लग्नात. रस्त्यावर."

ओजीचान म्हणजे आजोबा. सेन्सेईंनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे असे चमकले की मला भीती वाटली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला भाषांतर करावं लागलं. बोयारांच्या लग्नात, मेजवानीत वाजवणारे वेगळे लोक होते, लाउतार. सगळ्या सुरावटी खरं तर त्यांच्याच. ते दाराबाहेर उभे राहून वाजवत, मालक खूश झाला तर आत बोलावी आणि कपाळाला नाणं चिकटवी. जर्मन मास्तर त्यांचं ऐकून तीच चाल कागदावर उतरवत, पियानोला सोपी करत, आणि वर घरच्या मुलीचं नाव घालत. वह्यांत सगळ्यांची नावं आहेत, लाउतारांची बहुतेक नाहीत.

"हे लोक तिथं... नोकरीला होते," मी म्हटलं.

"नाही आई," मुलगी म्हणाली. "सेन्सेई दोरेई म्हणाल्या. गुलाम. खूप जण गुलाम होते."

खोलीत पोहे नव्हते, नाहीतर पुन्हा तोच आवाज आला असता. मी अप्पांकडे बघितलं नाही. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. अप्पांनी मात्र शांतपणे विचारलं, "जेवाण मिळायचं का त्यास्नी?"

मी सेन्सेईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मिळायचं, सगळ्यांचं झाल्यावर.

"मग आपल्यासारखंच की," अप्पा म्हणाले, आणि चहा संपवला. सासूबाईंचं वाक्य आणि अप्पांचं वाक्य एकच होतं, हे बहुतेक मला एकटीलाच कळलं.

सेन्सेईंनी कार्यक्रम ठरवला. क्लॅरिनेट त्या काळाच्या मानानं जरा उशिराचं वाद्य, म्हणून आठवडाभर त्यांच्या विद्वत्तेनं त्यांना छळलं, पण शेवटी लाल कोटाचा फोटो पाहून विद्वत्ता हरली. विद्यार्थिनी वह्यांतले तुकडे वाजवणार. शेवटी दाराबाहेरून अप्पा 'होरा' नावाच्या गोलात नाचायच्या नाचाची चाल वाजवणार. मालकीण म्हणजे सासूबाई रुमानियन भाषेत "पोफ्तित्स", म्हणजे या, म्हणणार. अप्पा आत येऊन मधल्या खुर्चीत बसणार आणि तीच चाल पियानोबरोबर वाजवणार. पियानोवर मी. मला फक्त डाव्या हाताचे तीन सूर होते, पण मी आयुष्यात पहिल्यांदा अप्पांबरोबर वाजवणार होते. ऑफिसात बग शोधता शोधता माझी बोटं टेबलाखाली तेच तीन सूर दाबत होती.

घरी अप्पांनी चाल दोन दिवसांत बसवली. मग एका सकाळी बांधावर ते सहज म्हणाले, "पण मी आत न्हाई जायाचा बरं का."

"अप्पा, नाटक आहे ते."

"व्हय, नाटक हाय. पण बँड दारापर्यंत. मांडवाच्या दारात थांबायचं, घरचं कुणी मोठं माणूस येऊन हाताला धरून थांबवत न्हाई तवर वाजवायचं, मग मागनं जेवायला जायाचं. चाळीस वर्षं बूट घालून वाजवलंय. बूट काढून वाजवायचं म्हणजे मला सूरच लागायचा न्हाई." मी खूप समजावलं. ते "व्हय व्हय" म्हणाले. आमच्या घरात "व्हय व्हय" म्हणजे नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

त्या काळी बोयारांच्या घरी पाहुण्याला आल्या आल्या चमचाभर गुलाबाचा मुरंबा आणि थंड पाणी देत, असं सेन्सेई म्हणाल्या होत्या. टोकियोत तो मुरंबा त्यांना कुठं मिळेना. सासूबाईंनी पुण्याहून गुलकंदाची बरणी आणली होती, पित्तासाठी. सेन्सेईंनी चमचा चाटला आणि डोळे मिटले. मला वाटलं त्यांना रडूच येणार. तेव्हापासून सासूबाईंचा भाव आणखी वधारला. आता त्या मालकीणही होत्या आणि मुदपाकखानाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सेन्सेई आधी शेजारच्या सहा घरांत बिस्किटांचे डबे घेऊन गेल्या आणि चार वाजेपर्यंत आवाज होईल त्याबद्दल वाकून माफी मागून आल्या. मग वीसेक माणसं जमली. विद्यार्थिनी, त्यांचे नवरे, दोन-तीन आज्या. सगळे हात मांडीवर ठेवून इतके शांत की घड्याळानं लाजावं. ही सेन्सेईंची मुख्य अडचण होती. बोयारांच्या दिवाणखान्यात वादन चालू असताना लोक गप्पा मारायचे, आणि जपानी माणसाला वादनात खोकायचं असेल तरी तो आधी रुमाल काढतो. म्हणून सेन्सेईंनी प्रत्येकाला एक पंखा आणि एक छापील कागद दिला होता. 'दुसऱ्या तुकड्याच्या वेळी कृपया आपसात बोलावे.'

दुसरा तुकडा सुरू झाला आणि वीस माणसं एकदम बोलू लागली. हवेबद्दल, असावं. तुकडा संपला त्या क्षणी सगळे एकदम गप्प झाले, एकाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच. मी पियानोमागे ओठ चावून बसले होते.

तिसऱ्या तुकड्याला गप्प बसायचं होतं. एक प्रौढ बाई, चष्मा, थरथरती बोटं, फार सुंदर वाजवत होत्या. एका जागी त्यांनी सूर असा काही सोडला की पैठणीतल्या मालकिणीच्या तोंडून खणखणीत "वाऽऽह!" निघालं. बाई दचकून थांबल्या. उठल्या, सासूबाईंना वाकून माफी मागितली आणि तुकडा पहिल्यापासून सुरू केला. त्याच जागी आल्यावर पुन्हा "वाऽऽह!", पुन्हा माफी. तिसऱ्या वेळी मुलीनं आजीच्या तोंडावर पंखा धरला तेव्हा कुठं तो तुकडा संपला. सासूबाई मला कुजबुजल्या, "दाद दिली की सुरुवातीपासून वाजवतात! काय रसिक लोक गं!"

आणि मग दाराबाहेरून क्लॅरिनेट वाजलं.

अप्पा खोलीच्या दाराबाहेर, बूट काढायच्या फरशीवर उभे होते, लाल कोट, सोनेरी झालर, पॉलिश केलेले काळे बूट. होरा त्यांनी सेन्सेईंच्या रेकॉर्डिंगवरून शिकलेला, पण वाजत होता तो सांगलीकडचा. प्रत्येक सुराला एक शेपूट. वीस माणसांचे पंखे आपोआप तालात हलायला लागले, कागदावर तशी सूचना नसताना. सेन्सेई तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या, "पोफ्तित्स!"

चाल चालूच.

"पोफ्तित्स!"

अप्पांनी दुसरं कडवं घेतलं. सगळे हसले. हा नाटकाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं. माझा डावा हात तीन सुरांवर तयार होता, मधली खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या "पोफ्तित्स"नंतर कुणी हसलं नाही. सेन्सेईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी खुर्चीकडे. मला माहीत होतं, अप्पा येणार नाहीत. घरच्या मोठ्या माणसानं येऊन हाताला धरल्याशिवाय ते थांबणारही नाहीत. चाळीस वर्षांत कधी नाही, तर आता कावासाकीत कसे थांबतील?

आणि मग होरा संपवून ते हळूच दुसऱ्याच चालीत गेले. ही चाल मला ओळखू आली. ही आमच्या बँडची मांडवाच्या दारातली चाल, वऱ्हाड दारात आलं की वाजायची ती. गावातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात त्यांनी ती वाजवली होती, एक माझं लग्न सोडून. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, अप्पांचा, सासूबाईंचा, त्या स्पीकरमधल्या सनईचा.

पैठणी सळसळली. सासूबाई दिवाणावरून उठल्या. ट्रेमधली गुलकंदाची वाटी आणि चमचा घेऊन, गुडघा सांभाळत, त्या दाराशी गेल्या. मी मागोमाग.

"अहो, या आत," त्या म्हणाल्या. मराठीत.

अप्पांचे डोळे मिटलेले, वाजवणं चालू. हाताला धरून थांबवायचं असतं हे सासूबाईंना कुठून माहीत असणार? मग त्यांनी चमचाभर गुलकंद घेतला आणि, लहान मुलाला औषध द्यावं तसा, सरळ अप्पांच्या ओठांपाशी नेला. क्लॅरिनेट आणि गुलकंद एकाच तोंडात मावत नाहीत. अप्पांनी डोळे उघडले, वाद्य खाली घेतलं आणि तोंड उघडलं.

त्यांनी गुलकंद गिळला. मग अप्पा म्हणाले, "विहीणबाई, बँड आत येत नसतो."

"बँड राहू दे बाहेर," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तुम्ही या."

अप्पांनी क्लॅरिनेट काखेत धरलं. मग त्यांनी भिंतीला हात टेकून एक बूट काढला, दुसरा काढला आणि मोज्यांनी वर चढले. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. बूट सरळ करायला मी खाली वाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला वाटी धरायला दिली, पायरीच्या काठाला धरून पैठणीसकट गुडघ्यांवर बसल्या आणि अप्पांचे बूट उचलले. तोंड दाराकडे करून ते जोडून ठेवले, सेन्सेईंनी त्यांच्या चपला ठेवल्या होत्या तसेच.

"अहो, अहो, विहीणबाई!" अप्पा ओरडले. "काय करताय हे!"

"पाहुण्याचे बूट वळवून ठेवतात इथं," सासूबाई म्हणाल्या. "मला उठवा आता, गुडघा अडकलाय."

एका बाजूनं अप्पांनी आणि दुसऱ्या बाजूनं मी त्यांना उठवलं. अप्पा खुर्चीत बसले, मोज्याचं भोक दुसऱ्या पायानं झाकलं आणि मला म्हणाले, "सूर दे." मी पहिलाच सूर चुकीचा दिला. पुढच्या चार मिनिटांत आणखी पाच चुकले. सूर अप्पांना लागला, बूट नसतानाही. सेन्सेई रडत होत्या, चष्मेवाल्या बाई रडत होत्या, आणि बरोबर चार वाजता सगळे रडायचे थांबले, कारण शेजाऱ्यांना चारचा शब्द दिला होता.

परतताना ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली. अप्पा क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन लगेच झोपले, मुलगी त्यांच्या लाल बाहीला टेकून झोपली. समोरचा माणूस झालरीकडे टक लावून बघत होता. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. बरीच स्टेशनं त्या काही बोलल्या नाहीत, हा एक विक्रमच होता. मला वाटलं, आता वाजवण्यातल्या चुका काढतील.

"लग्नात तुझ्या आईनं पाय धुतले ना माझे," त्या म्हणाल्या.

चौदा वर्षं तयार ठेवलेली सगळी वाक्यं एकदम ओठांशी आली होती.

"डिसेंबर होता. तिनं पाणी कोमट करून आणलं होतं. एवढ्या गर्दीत, कुणी सांगितलं नसताना." सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी तेव्हा काहीच म्हटलं नाही तिला. म्हणायला हवं होतं."

पाणी कोमट होतं, हे मला माहीतच नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते.